बगळ्याच्या पिल्लाचं रक्त

अर्धापूरला आमच्या घरापुढं चिंच आहे. पावसाळ्यात तिच्यावर बगळ्यांची वस्ती भरते. पिल्लांचा कालवा एवढा, की शेजारच्याला टीव्ही ऐकू येत नाही. मला तो कालवा लई आवडतो.

यंदा दोन पिल्लं मरून खाली पडली. शेजारी कुऱ्हाड घेऊनच आला. त्याच्या घरी तान्हा नातू.

"आप्पा, या पाखरांच्या रक्तात रोग हाय. लेकराला लागला म्हंजे? फांद्या तोडू."

"झाड माझं हाय. आधी रक्त तपासू."

"आन् रोग निघाला तर?"

"तर मीच तोडतो."

बोलून बसलो खरा. दिलेला शब्द माघारी घेणं मला जमत नाही.

नांदेडच्या कॉलेजात पाखरांच्या रक्ताचा अभ्यास करणारी एक पोरगी होती, तिला बोलावलं. ती यायच्या आधी पिल्लं निरोगी करावीत म्हणून मी गोठ्यात करतो तशी कडुलिंबाची धुरी चिंचेखाली केली. पिल्लं घाबरली आणि पोटातलं सगळं ओकली. अंगणात मासळीचा पाऊस! आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. बायको महादेवाला निघालेली, एक मासा थेट तिच्या पूजेच्या ताटात.

"अहो, देवाला आता हाच निवद दाखवू का?"

मी म्हणालो, धुरी बरोबरच होती, वारं फिरलं.

दुसऱ्या दिवशी पोरगी आली ती बुटासकट झाडाखाली निघाली. मी आडवा झालो. "थांब बाई. बाळंतिणीच्या घरात पाय धुतल्याबिगर जात नसतेत."

"आजोबा, इथं बाळंतीण कोण?"

मी वर बोट दाखवलं. ती खळखळून हसली, पाय धुतले, मगच शिडी लावली.

एका पिल्लाच्या पंखाखालून तिनं थेंबभर रक्त घेतलं. ते काचेवर पसरून रंगवेपर्यंत पिल्लू माझ्या मांडीवर. माझ्याच अंगठ्याला चोची मारून राहिलं. मग तिनं सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाला, आमच्या भाषेत दुर्बिणीला, डोळा लावला.

"आहेत जंतू."

शेजारी भिंतीपाशीच उभा होता. मी कुऱ्हाडीसाठी त्याच्याकडं हात केला.

"हिवतापाच्या जातीचे. डास एका पाखरातून दुसऱ्यात नेतात. पण हे पाखरांचेच. माणसाच्या रक्तात वाढत नाहीत, बाळाला यांची भीती नाही. मेलेलं पिल्लू तेवढं उघड्या हातानं उचलू नका."

शेजाऱ्याला पटेना. ती म्हणाली, "तुम्हीच बघा. पाखरांच्या रक्तातल्या पेशी लांबट असतात, माणसाच्या गोल." तो वाकला, लई वेळ उठलाच नाही.

"आप्पा, लांबट दाणे हायेत की! आन् एका दाण्यात कीड बसल्यावानी दिसतंय!"

"मग तोडायचं का?"

"आता कशाला तोडता? सरका तिकडं." आणि भिंतीवरून त्यानं हाक मारली, "सूनबाई, लेकराला घेऊन ये, गंमत बघ!"

पोरीनं पिल्लू घरट्यात ठेवलं, आई लगेच त्याच्यापाशी उतरली. खाली अख्खी गल्ली जमलेली. पोरीची बस गेली, तिच्या मागची पण गेली. मी खुर्ची टाकून बसलो आणि एकेकाला दुर्बिणीपाशी सोडू लागलो. झाड माझं, पाखरं माझी. नंबर मीच लावणार.