उसात घुसलेला अनुभवी माणूस

आता कपात चहा आहे आणि बायको, सुनंदा, घरी नाही, तेवढ्यात सांगून टाकतो. ती असली की हा किस्सा तीच सांगते, आणि तिच्या सांगण्यात मी आहे त्याहून बावळट दिसतो.

मी विमा कचेरीतला कारकून. तीस वर्षं सदाशिव पेठ ते कचेरी आणि कचेरी ते सदाशिव पेठ, एकाच स्कूटरवर. तीच ती जुनी, डाव्या मुठीत गिअर असलेली. निवृत्त झालो आणि चौथ्याच महिन्यात मोबाईलवर ती जाहिरात दिसली. दोन सिलिंडरांची मोटरसायकल विकणे आहे. बसायला आरामशीर, ओढ जबरदस्त. फक्त अनुभवी चालकांसाठी. नवशिक्यांनी फोन करू नये.

शेवटचं वाक्य वाचून मला राग आला. पुण्यात राहून दुसऱ्याची पाटी वाचायची म्हणजे काय? आपण पाट्या लावणारी माणसं! लगेच फोन केला.

पलीकडे मांजरी गावचे भानुदासतात्या होते. ऊस पिकवणारे शेतकरी, वय सत्तरीला टेकलेलं. त्यांनी विचारलं, किती वर्षं चालवताय? मी म्हणालो, तीस. लांबचे प्रवास? केलेत, घाट चढलोय. यातलं काहीच खोटं नव्हतं. सुनंदाला मागे बसवून मी एकदा महाबळेश्वरला निघालो होतो. घाट चढलोही होतो. उतरताना स्कूटर आणि आम्ही टेम्पोत होतो, पण ते त्यांनी विचारलं नाही.

तात्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "मग या की रविवारी. जानत्या मानसाचीच वाट बघत व्हतो."

रविवारी सकाळी सुनंदाला सांगितलं की जुन्या मित्राकडे हुरड्याला चाललोय. ती म्हणाली, "हेल्मेट घालून?" मी ऐकलंच नाही असं दाखवलं. स्कूटरवर गेलो असतो तर इभ्रत फाटकातच गेली असती, म्हणून बसने गेलो. अंगात भाच्याचं चामडी जाकीट, मांडीवर नवं कोरं हेल्मेट. कंडक्टरने तिकीट देताना माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि काही बोलला नाही. पुण्यात न बोलणं हेही बोलणंच असतं.

तात्यांच्या अंगणात गाडी धुतलेल्या चादरीखाली उभी होती. त्यांनी चादर काढली आणि मी गाडीभोवती एक फेरी मारली. काळी टाकी, रुंद हँडल, बुटकी जाड सीट आणि मधोमध एकमेकांना खेटून बसलेले ते दोन सिलिंडर. कुणी नुसतं बघत बसलं तरी दिवस जाईल अशी गाडी. याच गाडीवर तात्या कन्याकुमारीपर्यंत जाऊन आले होते. आता गुडघे साथ देत नव्हते, म्हणून विकायची.

म्हणजे असं मला वाटलं. खरी गोष्ट चहा आल्यावर कळली. तात्यांची नात रूपाली, खराडीला कंपनीत इंजिनिअर, गाडी स्वतःसाठी मागत होती. साखळीला तेल तीच घालायची, दर आठवड्याला इंजिन सुरू करून तीच ठेवायची. पण अंगणाबाहेर न्यायची परवानगी नव्हती. तात्यांचं म्हणणं, गाडी जड हाय, पोरीला झेपायची नाय, त्यापरीस इकलेली बरी. दोन महिने घरात यावरून अबोला होता.

तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी जानकार. तुमीच सांगा तिला. तुमचं ऐकंल ती."

आता इथे मी खरं सांगायला हवं होतं. पण अंगात जाकीट होतं. शेजारचे दोघंतिघंही येऊन बसले होते. मी पाय पसरले आणि बोलायला लागलो. तोल, वळण, ब्रेक, घाटातलं धुकं. गाडी हाताने नाही, मनाने चालवायची असते, असंही एक वाक्य माझ्या तोंडून गेलं. शेजारी माना डोलावत होते. रूपाली फक्त बघत होती. मग तिने अगदी नम्रपणे विचारलं, "काका, आधी तुम्ही चालवून दाखवता?"

पुढचं सांगताना अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

बसलो. किल्ली फिरवली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मी डोळे मिटून इंजिनाकडे कान नेला आणि जाहीर केलं, पेट्रोल जुनं झालंय. रूपाली फडकं घेऊन पुढे आली आणि हँडल पुसल्यासारखं करत उजव्या बाजूचा लाल खटका तिने हळूच चालू केला. गाडी सुरू झाली. काय आवाज होता तो! पोटात कुणीतरी तबला लावून बघावा तसा.

रूपालीने जाता जाता पायाने पहिला गिअरही टाकून दिला. तेव्हाच उतरायला हवं होतं, नाही का? पण मी स्कूटरच्या सवयीने क्लच झटकन सोडला आणि उजवी मूठ पिळली. जाहिरातीत ओढ जबरदस्त लिहिलं होतं, ते शंभर टक्के खरं निघालं. अंगण मागे गेलं, फाटक मागे गेलं, एक कोंबडी माझ्याबरोबर थोडी पळाली आणि तिने नाद सोडला. मी जीव खाऊन डावी मूठ पिरगाळत होतो. तीस वर्षं तिथे गिअर होता. आज तिथे नुसतं रबर होतं.

समोर ऊस आला.

उसाने मला फार प्रेमाने घेतलं. दहाबारा हात आत जाऊन गाडी बंद पडली आणि दोन्ही बाजूंच्या उसाने तिला सरळ उभी धरली. मीही वर तसाच, सरळ. खरचटलंसुद्धा नव्हतं. बाहेरून तात्यांची हाक येत होती, पण ओ द्यायचं धाडस होईना.

पाचटातून रूपाली आली. आधी तिने माझे हातपाय पाहिले, मग गाडीचे. मी म्हणालो, "अगं, मी आयुष्यात मोटरसायकल चालवलेली नाही. स्कूटर चालवतो."

"माहीत आहे काका," ती म्हणाली. "किल्ली तुम्ही पहिल्यांदा पेट्रोलच्या टाकीत घालत होतात."

आम्ही दोघं हसलो. मग ती जरा गंभीर झाली. माझ्या एका शब्दावर गाडी जाणार की राहणार ते ठरणार होतं, आणि ते तिने बोलून दाखवलं नाही, हे मला फार लागलं. मी उतरलो. तिने गाडी सावकाश मागे घेतली, वळवली आणि मला मागे बसायला सांगितलं. लांबचा वळसा घेत, बांधाच्या चिखलातून, दगडांतून, ओढ्याच्या फरशीवरून तिने मला अंगणात आणलं. एवढ्या वाटेत तिने पाय एकदाही टेकला नाही. अंगणात तिने तुळशीभोवती अशा सफाईने फेरी मारली की शेजाऱ्यांनी चहाचे कप खाली ठेवले.

मी उतरून तात्यांसमोर उभा राहिलो आणि जाकीट काढलं. म्हणालो, गाडी विकू नका, ही तिचीच आहे. आणि मला यातलं काहीही येत नाही.

तात्यांनी विचारलं, "मग मघाशी पाऊन तास बोलत कोन व्हतं?"

मी जाकिटाची घडी घालायला लागलो. तात्या गाडीपाशी गेले, टाकीवरून हात फिरवला आणि नातीकडे न बघता म्हणाले, साहेबांना घरी सोडून ये. दोन महिन्यांनी ते तिच्याशी बोलले ते हे. रूपाली आत हेल्मेट आणायला गेली ती डोळे पुसतच.

मंडईवरून, टिळक रस्त्यावरून, मागच्या सीटवर बसून मी घरी आलो. सुनंदा खिडकीतच होती. खाली आली, माझ्या कॉलरमधून उसाचं पान काढलं आणि ते हातात धरून म्हणाली, "हुरडा उसाचा होता वाटतं." मग मला बाजूला करून तिने रूपालीला विचारलं, मागची सीट कशी आहे? आणि माझं हेल्मेट घालून ती फेरीला गेली. अर्ध्या तासाने परतली तेव्हा ती पंचवीस वर्षांनी लहान दिसत होती.

तेव्हापासून रूपाली महिन्यातून एकदा येते. परवाच्या रविवारी दोघी खडकवासल्याला निघाल्या, गाडीवर. उपम्याचा डबा घेऊन मी मागून, स्कूटरवर. मी पोचलो तेव्हा उपमा थंडगार झाला होता. उशीर माझ्यामुळे झाला, असं दोघींचं मत पडलं. मतदानात मीही हात वर केला.