डोळा जळलाच नव्हता

‘हेल्मेट वर केलंस ना पुन्हा?’ असं कुणी विचारलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि विचारायचे सगळेच. ज्याला धड दोन पट्ट्या जोडता येत नाहीत, तोही विचारायचा.

लोखंडी फाटकं, जिने आणि पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या त्या वर्कशॉपात वेल्डिंग करणारी ती एकटी बाई. सगळे तिला ठिणगी म्हणायचे, आणि ते काही तिच्या कामावरून नव्हे. नवराही तिथेच वेल्डर. पण टाकीचा जोड मारायचा तर ठिणगीनेच, असं खुद्द मिस्त्री सांगायचे, आणि वर्कशॉप मिस्त्रींच्या मालकीचं. नवरा कौतुकाने म्हणायचा, ‘आमची बाई जोड मारत नाही, इस्त्री फिरवते.’

अशा बाईला म्हणायचं, की तुझा डोळा वेल्डिंगने भाजला! उघड्या डोळ्यांनी झोतात बघतं ते काल आलेलं माणूस. मुरलेल्या वेल्डरला असं म्हणणं म्हणजे जुन्या ड्रायव्हरला ब्रेक कुठला ते दाखवणं. पण त्या शेडमध्ये लाल डोळ्याचा अर्थ एकच होता, दुसरा कुणाला ठाऊकच नव्हता. डोळा लाल झाला, पाणी आलं, म्हणजे झोत लागला. उपायही एकच. अंधाऱ्या खोलीत पड, डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेव आणि गप राहा.

गप! तेच तर जमत नव्हतं तिला.

दुखणं यायचं ते जेवणानंतर, काम रंगात आलं की. आधी उजवी नाकपुडी चोंदायची. मग उजव्या डोळ्याच्या मागे कुणीतरी तापलेला रॉड खुपसावा आणि फिरवत राहावं, तसं सुरू व्हायचं. पापणी अर्धी खाली, डोळ्यातून धार, नाकातून धार, सगळं उजवीकडेच. डावी बाजू अशी कोरडी ठणठणीत, जणू तिचा या भानगडीशी काही संबंधच नाही. ठिणगी वेल्डिंगचा होल्डर बाजूला ठेवायची आणि शेडमागे भंगाराच्या ढिगापाशी फेऱ्या मारायची. थंडगार पाइपाला कपाळ टेकायची, भिंतीवर मुठी आपटायची, पुन्हा फेऱ्या. तासाभराने दुखणं जसं आलं तसं निघून जायचं. मग ती तोंड धुऊन यायची आणि उरलेला जोड सुतासारखा सरळ मारायची.

इथेच लोकांचं फावलं. मघाशी गुरासारखी ओरडत होती आणि आता बघा, खुशाल काम करतेय! दुखणारं माणूस असं नाचतं का कुठे? घरी सासूबाईंनी तर निकालच देऊन टाकला होता, ‘अंगात नाटकं फार.’ आणि नवरा? तो बिचारा प्रेमाने तिला खांदे धरून पलंगावर दाबायचा. ‘पड ना गं जरा. डोळे मीट. हलू नकोस.’ एकदा तिने असं कोपर मारलं की त्याचा ओठ फुटला. त्या प्रेमाचा तिला इतका संताप यायचा की दुखण्याचाही येत नसेल.

काही आठवडे हा छळ रोज चालायचा आणि मग महिनेच्या महिने काही म्हणून नाही. सगळे खूश. ‘आता शहाणी झाली, हेल्मेट नीट घालते,’ असं म्हणायचे. पुढच्या वर्षी त्याच सुमाराला पुन्हा सुरू. मधे एका दंतवैद्याने दाढेवर संशय घेतला आणि चांगली मजबूत दाढ उपटून काढली. दाढ गेली, दुखणं जागच्या जागी.

आणि सगळ्यात मोठी चूक तिने स्वतःच केली. सगळे म्हणतात तर असेलही, नकळत झोत लागत असेल, असं तिला वाटायला लागलं. म्हणून तिने हेल्मेटची काच बदलली. आणखी काळी घातली. तरी दुखलं, म्हणून त्याहून काळी. शेवटी अशी काच बसवली की झोताचा नुसता काजवा दिसावा. जोड कुठे चाललाय ते दिसेना. तिला दिसेना! अंदाजाने हात चालवत राहिली, पण कुणाला विचारलं नाही, कारण विचारणार कुणाला? एक टाकी गिऱ्हाइकाच्या गच्चीवर चढली आणि भरल्याबरोबर जोडातून गळायला लागली.

मिस्त्रींनी तिच्या हातातला होल्डर काढून घेतला. वर कनवाळू आवाजात म्हणाले, ‘डोळा महत्त्वाचा, पोरी. तू आता रंग मार.’ तिची जागा त्यांनी तिच्या नवऱ्याला दिली. ती ब्रश घेऊन फाटकांना लाल प्रायमर फासत बसली आणि नवरा तिच्या टेबलावर टाकीचे जोड मारायला लागला. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

पण त्या प्रायमरनेच तिचं डोकं चालायला लागलं. ती शेडच्या दुसऱ्या टोकाला, झोताकडे पाठ करून बसायची. तरी जेवणानंतर तेच नाक, तोच डोळा, तीच धार. सुट्टीच्या दिवशी घरीसुद्धा! फेऱ्या मारता मारता ती नवऱ्यावर ओरडली, ‘अरे, मी झोत बघितलाच नाही, मग डोळा भाजला कशाने? या ब्रशने?’

तिने त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. डोळ्यांची डॉक्टर म्हणाली, डोळा स्वच्छ आहे, मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. त्या डॉक्टरांनी सगळं ऐकून एकच विचारलं, ‘दुखतं तेव्हा पडून राहता, की फिरता?’

झालं. ठिणगी उसळलीच. ‘आता तुम्हीही सांगा पडून राहायला! नाही पडवत मला! डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं, आणि लोक म्हणतात नाटक!’

‘नाटक नाही,’ डॉक्टर शांतपणे म्हणाले. ‘हे दुखणं असलेली माणसं अशीच फिरतात. एकाच बाजूला, ठरावीक वेळेला, काही आठवडे रोज आणि मग गायब. क्लस्टर डोकेदुखी म्हणतात याला. दुसरं काही नाही ना, हे एकदा मेंदूचा फोटो काढून बघू.’

फोटो चांगला आला. मग त्यांनी उपाय सांगितले. रोजच्या गोळ्या. दुखणं उठलं की लगेच मास्कमधून मोठ्या प्रवाहाने ऑक्सिजन, नाहीतर इंजेक्शन. या आठवड्यांत दारूचा थेंब नको.

‘ऑक्सिजन?’ नवरा एकदम खुलला. ‘मग काय! आमच्या शेडमध्ये पडलाय की सिलिंडर!’

‘तो लोखंड कापायचा,’ डॉक्टर म्हणाले. ‘तो नाकाला लावायचा नाही. हा दवाखान्यातून येईल. आणि झोतापासून, ठिणग्यांपासून लांब ठेवायचा. नाहीतर डोकं राहील बाजूला आणि शेडच उडेल.’

परतताना नवरा हळूच म्हणाला, ‘एक सांगू? मिस्त्रींना मीच सांगितलं होतं. तू हेल्मेट वर करतेस म्हणून. तुझा डोळा जाईल अशी भीती वाटली मला.’

ती रस्त्यातच थांबली. ‘तू बघितलंस मला हेल्मेट वर करताना?’

‘नाही.’

‘एकदा तरी?’

‘नाही गं.’

‘मग सांगितलंस कसं? इतकी वर्षं माझ्या शेजारी उभा राहून काम करतोस आणि माझा हात तुला माहीत नाही?’ लोक वळून बघायला लागले. बघू देत. ‘उद्या सगळ्यांसमोर सांगायचं. जितक्या मोठ्याने मला पड म्हणतोस ना, तितक्या मोठ्याने.’

त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी, सगळी यंत्रं बंद करायला लावून सांगितलं, की तिने हेल्मेट कधीच वर केलं नव्हतं, आपण न बघता बोललो. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुन्हा त्याच कनवाळू आवाजात म्हणाले, ‘अरेरे. म्हणजे आजारच निघाला. मग तर तिने रंगच मारलेला बरा.’

‘वा रे वा!’ ठिणगी म्हणाली. ‘चूक होती तेव्हाही रंग, चूक नव्हती तरी रंग!’

‘आणि जोड मारताना दुखणं उठलं तर?’ मिस्त्रींनी विचारलं.

‘नाक आधी चोंदतं. होल्डर ठेवायला तेवढा वेळ पुरतो. आजवर कधी पेटता टाकलाय मी?’

मिस्त्रींनी प्रायमरच्या डब्याकडे बोट दाखवलं. तिने ब्रश उचलला.

जेवणानंतर नाकपुडी चोंदली. दवाखान्यातून आलेला सिलिंडर शेडपासून लांब, रस्त्याकडच्या ऑफिसच्या खोलीत ठेवला होता. तिने मास्क लावला, खुर्चीच्या कडेवर पुढे वाकून बसली आणि पाय आपटत श्वास घ्यायला लागली. मिस्त्री दारात येऊन उभे राहिले. डोळ्यामागचा रॉड फिरला, पुन्हा फिरला, मग अडखळला. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात तो विझला. पूर्ण विझला.

तिने मास्क काढला. आता हसेल, हुश्श म्हणेल, असं मिस्त्रींना वाटलं असणार. ती किंचाळली. ‘एवढंच? एवढंच होतं? एवढ्यात जाणाऱ्या दुखण्यासाठी मी इतकी वर्षं भिंती बडवल्या? आणि तुम्ही सगळे मला पड म्हणत होतात!’ दुखताना कधी अशी रडली नव्हती, तशी ती रडली. मिस्त्रींची मान खाली गेली.

मग तिने तोंड धुतलं, प्रायमरचे हात पुसले आणि तरातरा शेडमध्ये गेली, मागोमाग मिस्त्री. नवरा तिच्या टेबलावर टाकीला जोड मारत होता. तिने त्याच्या खांद्यावर थाप मारली.

‘ऊठ,’ ती म्हणाली.

त्याने मिस्त्रींकडे बघितलंसुद्धा नाही. तो उठला.