पिसांच्या उशा आणि काकूंच्या कुरडया

सासऱ्यांनी लष्करातून निवृत्त होताना पिसांच्या दोन उशा आणल्या होत्या. आमच्या गल्लीत तोवर उशी म्हणजे कापसाची नाहीतर शेवरीची. त्यामुळं पाहुणे आले की सासरे उशी दाबून दाखवायचे, "बघा, परत फुगती का न्हाय!" पुढं पुढं ती फुगायची बंद झाली. पावसाळ्यात तिला ओल्या कोंबडीसारखा वास यायला लागला आणि माझ्या मुलीला शिंकांवर शिंका. शेवटी सासरेच म्हणाले, "काढून टाक त्या."

काढून टाक म्हणजे नेमकं करू काय? गादीवाल्याकडं नेल्या, तर त्यानं शिवण उसवून आत बोट घातलं आणि हात झटकला. "पिसं आमी घेत न्हाय, वहिनी. यंत्रात अडकत्यात." नवरा म्हणाला, पंचगंगेत सोड नाहीतर पेटवून दे. जाळल्या तर केस जळल्यासारखी घाण सुटणार, आणि नदीत काय टाकू नये यावर मी भिशीच्या बायकांना चांगलं व्याख्यान दिलं होतं. नव्वदच्या दशकात 'टाकाऊतून टिकाऊ'चं भारी वेड होतं. रविवारच्या पुरवणीत काही ना काही असायचंच. पिसं धुवायची, कडक उन्हात वाळवायची आणि बाहेरच्या दिवाणावरच्या लोडांत भरायची, असं मी ठरवलं. शहाणपणा मला लहानपणापासून जरा जास्तच.

एप्रिलातली दुपार होती. धुतलेली पिसं गच्चीवर जुन्या साडीवर पसरली, वरून मच्छरदाणीचा तुकडा टाकला, कडेनं विटा ठेवल्या आणि चहा टाकायला खाली आले. शेजारच्या गच्चीवर काकूंच्या कुरडया वाळत होत्या. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायचीसुद्धा सोय नाही, कारण सकाळी त्यांच्या सोऱ्यावर हात दुखेपर्यंत मीच त्या घातल्या होत्या. काकूंच्या मुलीचं लग्न आठवड्यावर आलं होतं आणि त्या रुखवताच्या कुरडया होत्या. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून केलेल्या. त्यात काकू माळकरी. दारात अंड्याचं टरफल दिसलं तरी उंबरा धुऊन काढायच्या.

चहाला उकळी यायच्या आत वावटळ उठली. मागोमाग काकूंची हाक आली, "अगं ए पोरी, वर ये की जरा!"

वर मच्छरदाणी उलटीपालटी पडली होती आणि विटा जागच्या जागी होत्या. सगळी पिसं शेजारी. ओल्या कुरडयांच्या तारेतारेत पांढरी-करडी पिसं चिकटली होती. काकू कशालाही हात न लावता उभ्या होत्या.

"कोंबडी सोललीस काय गं वर?"

एरवी काकूंनी मीठ मागितलं तरी अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. त्या हळू बोलल्या तेव्हाच मला घाम फुटला. "वेचून काढते," मी म्हटलं. मग मी त्यावर कडी केली. "काकू, मंडईतनं विकतच्या आणून देते. अगदी चांगल्या."

"विकतच्या? रुखवतात?"

त्यांनी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. भरल्या लग्नघराला आपण काय बोललो, हे मला बोलून झाल्यावर कळलं, आणि लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत गहू भिजवायला सवड नव्हती, घरात पाहुणे यायला लागले होते. संध्याकाळी मी आमच्या परसात नारळाच्या बुंध्याशी खड्डा खणला आणि उरलीसुरली पिसं, त्या सगळ्या कुरडया, वर उशांचे अभ्रे असं सगळं पुरलं. पिसांचं खत चांगलं होतं म्हणतात. नारळाचं भलं झालं. काकूंच्या मुलीनं मात्र कुरडयांच्या ताटाला लावायला रंगीत कागदाची झालर कातरून ठेवली होती, तिच्याकडं मला बघवेना.

लग्नात रुखवत मांडलं. लाडू, करंज्या, सांडगे, पापड. झालरीच्या ताटात शेवया ठेवल्या होत्या. मुलाच्या आत्यानं सगळं नजरेखालून घातलं आणि चारचौघांत विचारलं, "कुरडया कुठं दिसंनात त्या?"

नवरीनं मान खाली घातली. मी काकूंच्या शेजारीच होते. 'माझ्यामुळं नासल्या', एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी ताटाची झालर सारखी करायला लागले. काकू म्हणाल्या, "औंदा ऊनच पडलं न्हाय, बाई."

मांडवात बायका पदरानं वारा घेत होत्या. "ऊन न्हाय? कोल्हापुरात?" आत्याबाई हसल्या, मागच्या बायकाही हसल्या. कधी खोटं बोलायची वेळ आली, तर काकू गळ्यातल्या माळेला हात लावून गप्प बसायच्या. आज ती माळ मुठीत धरूनच त्या बोलल्या होत्या. मी तिथंच उभी होते. तेव्हाही मी गप्पच राहिले.