एर्सीलियाचा डावा डोळा

एर्सीलिया कोलझानी जन्मभर खुर्च्या विणत आली आणि स्वतः कधी खुर्चीला टेकली नाही. कॉफी उभ्याने, जेवण उभ्याने. नवरा गेला तेव्हा भेटायला आलेल्यांशी बोलली तीही उभ्यानेच. मी नळ्या वाकवून सांगाडे करतो, ती त्यांवर रंगीत दोरी विणते. मिलानजवळच्या, फर्निचर बनवणाऱ्या मेदा गावात एकाच आवारात आमच्या दोघांच्या कामाच्या जागा समोरासमोर. बाई गुणाची, पण तिच्या शेजारी काम करणं म्हणजे उतू जाणाऱ्या दुधापाशी उभं राहणं.

तिचं नाव होतं ते रंगांसाठी. बागेतल्या, गच्चीवरच्या, दिवाणखान्यातल्या खुर्च्या आणि त्यांच्याखाली अंथरायचे दोरीचे गोल गालिचे. आर्किटेक्ट बेनेदेत्ता आकार काढून आणायच्या आणि मग दोघी रिळांसमोर उभ्या राहून वाद घालत रंग ठरवायच्या. सात जन्मांत कोणी शेजारी ठेवणार नाही असे रंग एर्सीलिया जोडायची आणि म्हणायची, "बघा, किती शांत वाटतात."

यंदा फेब्रुवारीत तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डाव्याची पाळी मिलानच्या एप्रिलमधल्या फर्निचर प्रदर्शनानंतर. पट्टी निघाल्या दिवशीच ती कामावर आली आणि प्रदर्शनासाठी स्वतः विणून ठेवलेल्या आरामखुर्चीसमोर थबकली.

"हे कोणी विणलं, गौदेन्त्सियो?"

"तूच. तुझं भूत येऊन विणणार होतं का?"

तिने उजवा डोळा झाकला, मग डावा, मग पुन्हा उजवा. "डाव्याने बघितलं तर मध, शेवाळ, वीट. उजव्याने बघितलं तर आठवडी बाजार भरलाय." मग हळूच म्हणाली, "इतकी वर्षं लोक माझ्या नजरेचं कौतुक करत होते की मोतीबिंदूचं?"

त्या दिवसापासून तिच्या जिवाला चैन नव्हती. जिथे जाईल तिथे एक डोळा मिटून बघायची. बारमधला म्हातारा एनीओ त्यामुळे दाढी करून यायला लागला. आमच्याकडे जेवायला आली तर उभ्यानेच ताटातला पिवळा भात दोन्ही डोळ्यांनी तपासला आणि माझ्या बायकोला म्हणाली, "केशर जास्त पडलंय." बायको आठवडाभर माझ्यावर फणफणत होती, जणू डोळा मीच कापला होता.

मग एका सकाळी बघतो तर बाई त्या खुर्चीखालचा गालिचा उसवत बसली आहे. चुकलो, उसवत उभी आहे.

"अगं, परवा ट्रक येणार."

"म्हणून तर. गालिचा झाला की खुर्ची घेते. राखाडी आणि पांढरी विणते. त्यात तरी चूक होणार नाही."

बेनेदेत्ताबाईंना मीच फोन केला. त्या आल्या, खुर्चीभोवती फिरल्या. "मला तर आवडली आहे, एर्सीलिया. कशाला उसवायची?"

"तुम्हाला आवडली ती आजारी डोळ्याची खुर्ची."

"विणणाऱ्या तुम्ही. उद्यापर्यंत ठरवा," असं म्हणून त्या गेल्या. एर्सीलियाने कात्री उचलली आणि माझं डोकं फिरलं. मी ती कात्री काढून घेतली आणि तिला दंडाला धरून माझ्या घरी नेलं. मला आधी सुचायला हवं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

माझ्या अंगणात एक खुर्ची आहे. एर्सीलियाने या धंद्यात आल्यावर विणलेली पहिली, रंगही तिचेच. तेव्हा ती तरणीताठी होती, डोळे घारीसारखे. उन्हाने विटून खुर्चीचा रंग पार राखाडी झालाय आणि वर बायकोने फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या आहेत. आमच्या भागात माणूस खुर्ची आधी उलटी करून बघतो, मग बसतो. जावईसुद्धा जमेल तितका तसाच बघून घेतात. मी कुंड्या उतरवल्या आणि खुर्ची उलटी केली.

खालच्या बाजूला ऊन कधी पोचलंच नव्हतं. पोपटी, त्याला खेटून नारिंगी, मध्येच भडक गुलाबी. एर्सीलिया गुडघ्यांवर बसली. उजव्या डोळ्याने बघितलं, नंतर डाव्याने. दोरीवरून बोट फिरवत राहिली.

"आठवडी बाजार," मी म्हणालो. "तेव्हा कुठे होता मोतीबिंदू?"

मला वाटलं, खूश होईल. तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी पहिल्यापासून अशीच आहे? मला वाटायचं, मी शांत बाई आहे."

मी हसलो नाही. हसण्यासारखं होतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, दोन्हींत.

दुसऱ्या दिवशी तिने गालिचा परत विणला, त्याच रंगांनी, उलट एक गुलाबी धागा वाढवून. खुर्ची होती तशी ट्रकमध्ये गेली.

प्रदर्शन सगळ्यांना खुलं होतं त्या रविवारी आम्ही मिलानला गेलो. लोक खुर्चीभोवती उभे होते, फोटो काढत होते. एर्सीलिया गर्दीतून पुढे घुसली आणि मला कळायच्या आत तिने खुर्ची उलटी केली.

"बाई, खुर्ची उलटवायची नाही," रखवालदार धावत आला. "नुसतं बसून बघा."

"बसते. आधी खालून बघू दे."

तिने वाकून बघितलं, एकही डोळा न मिटता. मग खुर्ची सरळ केली आणि बसली. मी तिला पहिल्यांदाच खुर्चीत बसलेली बघत होतो, म्हणून जवळ जाऊन विचारलं, "कशी आहे?"

"गडबड आहे नुसती," ती म्हणाली आणि मागे टेकली.