हरेव्याचं बांडगूळ

आमचं घर रत्नागिरी शहराबाहेर, कातळ संपून माती लागते तिथे आहे. मागे हापूसची सात कलमं. त्यातलं कुंपणाच्या दगडी गडग्याजवळचं कलम माझ्या बायकोने लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात माहेरून, केळशीहून आणून लावलं होतं. एसटीत ते सबंध वाटभर मांडीवर धरून आली होती.

तीन-चार वर्षांपूर्वी त्याच्या एका जाड फांदीवर बांडगूळ धरलं. बांडगूळ झाडाच्या अंगातलं पाणी पिऊन वाढतं, म्हणून दिसलं की कापायचं, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. ती शाळेत विज्ञान शिकवायची, तिला तर मुळीच नाही. पण तिने ते कापू दिलं नाही. थंडीत त्याला नारिंगी नळ्यांसारखी फुलं येत आणि त्यांतला मध प्यायला हरेवा येई.

हा पक्षी मी माझ्या पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता: पानासारखा हिरवा, गळा काळा, कपाळ केशरी. सकाळी ती मागच्या पडवीतून हाक मारायची, "अहो, या लवकर. बसलाय." मी हातातल्या पुस्तकाचं पान संपवून जायचो. तोवर तो पानांत मिसळलेला असायचा. ती बोट दाखवी तिथे मला पानंच दिसत.

"बरं, आवाज तरी ऐका," ती म्हणायची. कलमातून बुलबुल बोलायचा, मग कोतवाल, मग शिक्रा. "हे सगळं तो एकटाच बोलतोय. नकला करतो मेला."

"तीन वेगळे पक्षी आहेत. माझ्या पुस्तकात नकलांचं काही नाही."

"तुमच्या पुस्तकाला कान आहेत का?"

एवढं बोलून ती डबा भरायला आत जायची. हा वाद आम्ही तीन हिवाळे घातला, आणि दर वेळी मीच जिंकलो असं मला वाटत राहिलं.

गेल्या वर्षी गणपतीनंतर ती गेली. आजारपण लांबलं नाही. मी नुकताच कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो होतो, दिवस रिकामे होते. एका दुपारी सवयीने ग्रंथालयात गेलो आणि पक्ष्यांवरचा एक जाडजूड ग्रंथ उघडला. माझ्याकडच्या छोट्या पुस्तकात नव्हतं ते त्यात होतं, एका ओळीत. हरेवा इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. हे मला एकाच माणसाला सांगायचं होतं.

त्यानंतर मला हरेवा डोळ्यांनी पाहायचा होता. निदान एकदा, बोलताना. रोज सकाळी पडवीत बसायचो. आवाज यायचे, पक्षी दिसायचा नाही.

मोहोर यायच्या सुमाराला तिचा धाकटा भाऊ केळशीहून आला. आमची कलमं वर्षातून एकदा तोच बघतो. गडग्यापाशी तो बराच वेळ मान वर करून उभा राहिला.

"भावोजी, हे काय करून ठेवलंत? फांदी निम्मी वाळलीय. अजून एक वर्ष ठेवलंत तर कलम हातचं जाईल."

"हरेवा येतो त्यावर. तिने कापू दिलं नव्हतं."

"ताईचं ऐकायचं तर ती असताना ऐकायचंत." बोलून गेल्यावर तो खाली बघायला लागला. मग हळू म्हणाला, "कलम पण तिचंच आहे ना."

मी म्हटलं, उद्या दहानंतर काप. सकाळ तेवढी मला दे.

दुसऱ्या दिवशी चष्मा पुसून, हातात काही न घेता मी कलमाखालीच जाऊन उभा राहिलो. बुलबुल बोलला. मी हललो नाही. कोतवाल बोलला, त्याच जागेवरून. मग फुलांच्या झुबक्याशी एक पान हललं आणि त्याला काळा गळा फुटला. चोच उघडली, शिक्र्याचा आवाज आला. केशरी कपाळावर ऊन होतं. तो उलटा लोंबकळून एका फुलातून दुसऱ्या फुलात चोच घालत राहिला. मान दुखली तरी मी खाली केली नाही.

मेहुणा चहा घेऊन आला. "दिसला का?"

"एकच आहे. सगळे आवाज तो एकटाच काढतो."

"मग? आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ताई तुम्हाला हजारदा म्हणाली असेल."

"म्हणाली होती."

चहा निवत गेला. थोड्या वेळाने हरेवा गडग्यापलीकडे उडून गेला, तेव्हा मीच शिडी आणली आणि खालून धरून उभा राहिलो. करवत लागल्यावर फांदीला वेळ लागला नाही. फुलांसकट ती खाली आली. कलमाच्या जखमेवर मेहुण्याने औषध लावलं, म्हणाला, आता जगेल.

तो दुपारच्या गाडीने गेला. दुसऱ्या सकाळी मी पडवीत बसलो. कलम मोकळं दिसत होतं, पलीकडचं आभाळ दिसत होतं. नऊच्या सुमाराला बुलबुल बोलला. मी उठून गडग्यापर्यंत गेलो आणि नीट पाहिलं. बुलबुलच होता.