अस्वल नसलेल्या देशातली तालीम

२०११ मध्ये कॅनडातल्या नोकरीचं पत्र आलं, तेव्हा माझी औषधांची फॅक्टरी बंद व्हायला दोन महिने उरले होते. आयर्लंडमध्ये दुसरं काम मिळेना. म्हणजे जाणं भागच होतं. पण दहा वर्षांच्या लेकीने जाहीर केलं, "मी नाही येणार. तिथे काळी अस्वलं असतात." ती बोलते पक्क्या आयरिश इंग्रजीत, मराठी मी करून घेतोय.

खरं सांगतो, मला बरंच वाटलं. अस्वलांना मीही टरकून होतो, पण पन्नाशीला आलेल्या बापाला ते बोलता येत नाही. आता लेकीच्या आडून घाबरायची सोय झाली.

ज्या देशात साधा साप नाही, तिथे आमच्या ॲडम्सटाउनच्या घरात रोज जेवायला अस्वल. लायब्ररीतली पुस्तकं आणून लेक माझी शिकवणी घ्यायची. काळं अस्वल तपकिरीसुद्धा असतं. मागच्या पायांवर उभं राहिलं म्हणजे चिडलं असं नाही, ते नीट बघतं, वास घेतं. झाडावर आपल्यापेक्षा भराभर चढतं. पळायचं नाही, हात वर करून मोठं दिसायचं, शांतपणे बोलत, त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरकायचं. अंगावर आलंच तर मेल्याचं सोंग नाही, लढायचं. आणि खायला कधीच घालायचं नाही. माणसाच्या हातची चटक लागली की ते परत येतं, आणि शेवटी बिचाऱ्याला गोळी घालतात.

"तू पळणार नाहीस असं प्रॉमिस कर. मग येते."

केलं. न करून सांगतो कुणाला?

पुढच्या रविवारी बायकोला ड्यूटी होती, म्हणून साताऱ्याहून आलेली माझी आई, लेक आणि मी असे तिघंच पहाटे निघून लांब पश्चिमेला कासलबारच्या बाजूला फिरायला गेलो. आईने पुरणपोळ्या केल्या होत्या आणि सवयीने गोग्रास वेगळा डब्यात घेतला होता. कुरणात गुरं दिसताच तिने गाडी थांबवायला लावली.

"आरं, परमुलखाला निघालायस. गाईच्या मुखात घास घाल जा, समदं नीट हुतंय."

फाटक उघडून मी आत गेलो, मागे लेक. गाय एकही नव्हती; सगळे वर्षा-दीड वर्षाचे दांडगे खोंड. एकाने पोळी खाल्ली, माझी बाही चाटली. मग बाकीचे पंधराएक आले.

"बाबा, डबा बंद कर. मागे सर. हळू."

मी पळालो. डबा उघडाच हातात, आणि अख्खा कळप माझ्यामागे. दगडी कुंपणावर चढलो, तर वरच्या काटेरी तारेत पँट अडकली. पलीकडे उतरता येईना, अलीकडे खाली पंधरा तोंडं, एक माझा बूट चाटतंय. वरून दिसलं, की लेकीला मी कुरणाच्या मध्यात एकटीला सोडून आलो होतो.

तिने लाल रेनकोट काढून डोक्यावर ताणून धरला आणि जपून पावलं टाकत आली. खालच्या आवाजात, शेजारच्या म्हातारीसारखं, "गो ऑन, गो ऑन आउट ऑफ दॅट," म्हणजे चला, निघा आता, असं म्हणत. खोंड बिचकले, बाजूला झाले. तिने आधी डब्याचं झाकण लावलं, मग भोक पडलेली माझी पँट सोडवली.

गाडीतून आई ओरडली, "आरं, वासरं हायती ती! वाघ न्हाईत!"

परतताना मी आरशात बघायचं टाळत होतो. एकीकडे लाज, आणि एकीकडे, लिहायलाच हवं, एक आशा: वचन मोडलं, आता ही नाही म्हणेल, आणि मग जाणंच राहून जाईल.

मागून आवाज आला. "मी येते."

"अगं, पण मी पळालो ना."

"म्हणूनच. तिथे तुला एकट्याला कसं सोडायचं?"

दुसऱ्या दिवशी मी होकार कळवला. पँटला अजून भोक होतं.