एर्मेलिंदाचा निळा चेहरा

एर्मेलिंदा कोरियाने सैतानाशी करार केलाय, ही गोष्ट सांतियागो देल एस्तेरोकडच्या त्या धुळकट गावात सगळ्यांनी एकमेकांच्या कानात सांगितली, आणि 'तू मात्र कुणाला बोलू नकोस' असं प्रत्येकाने बजावलंही. पुरावा तिच्या तोंडावरच होता. नाक, गाल, कपाळ दिवसेंदिवस राखाडी-निळं पडत चाललं होतं. रानातल्या गुहेत सैतान माणसांना हुन्नर शिकवतो म्हणतात. तिथेच ती पाव भाजायला शिकली, नाहीतर इतका हलका पाव कुणाला जमतो, असं क्लेओफे म्हणायची. क्लेओफे तिची कोमाद्रे. म्हणजे क्लेओफेच्या मुलाला बाप्तिस्म्याला एर्मेलिंदानेच हातांवर धरलं होतं. तेव्हा चार गोष्टी बोलायचा हक्क क्लेओफेचा पहिला.

खरं काय ते एर्मेलिंदाला ठाऊक होतं. दवाखान्यातल्या नेलिदा नर्सने तिला समजावलं होतं.

"हृदयाच्या पेशींना बारीक दारं असतात, डोन्या एर्मेलिंदा. त्यांतून क्षार आत-बाहेर जातात तेव्हा ठोका पडतो. भिंतीत राहून रात्री चावणाऱ्या त्या किड्याच्या रोगाने तुमचं हृदय पोखरलंय, म्हणून नको तेव्हा ठोके उसळतात. ही गोळी एक दार जरा वेळ ओढून धरते. पाव होईपर्यंत तुम्ही भट्टीचं तोंड झाकून ठेवता ना, तसंच."

"आणि माझं तोंड का निळं?"

"गोळी कातडीत साठते. उन्हात फिरलात की रंग चढतो. टोपी घाला."

"टोपी घालून पाव विकू? लोक म्हणतील, शिंगं लपवतेय."

हे गावाला सांगायची सोय नव्हती. किडा मातीच्या घरात राहतो. किड्याच्या घरातला पाव कोण खाणार? त्यापेक्षा सैतान बरा, असा तिने हिशेब केला. सैतानाचा पाव निदान खपत तरी होता.

मग एक दिवस क्लेओफे आली, माते नावाचा कडवट चहा पीत बसली आणि तिसऱ्या घोटाला बोलली.

"मनाला लावून घेऊ नकोस, कोमाद्रे. यंदा गावच्या संताच्या उत्सवाचा पाव शहरातून मागवायचा म्हणतायत."

"बावीस वर्षं मी भाजतेय."

"तेच मी म्हटलं. पण संतापुढे ठेवायचा पाव, आणि तुझा हा रंग..."

एर्मेलिंदाने क्लेओफेच्या हातातला रिकामा प्याला घेतला. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. वर्षातून एकदा तिच्या हातचा पाव संतापुढे जायचा, तेवढाच तिचा मान.

"उत्सवाला दोन महिने आहेत," ती म्हणाली. "रंग जाईल."

त्याच दिवशी तिने गोळ्या माते चहाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. महिनाभर काहीच झालं नाही. नेलिदाने विचारलं तर "ठणठणीत" म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. ही गोळी अंगात मुरते, बंद केली तरी कितीतरी आठवडे पुरते. रंगही तितकाच चिवट. आरशातला चेहरा काही उजळेना.

उत्सवाच्या सकाळी, कुणी सांगितलं नसताना, तिने चाळीस पाव थापले, गालांना पीठ चोळलं, भट्टीचं तोंड ओल्या गोणपाटाने झाकलं आणि तिथेच कोसळली. वासावर आलेल्या क्लेओफेला ती सापडली. क्लेओफेने आधी पाव बाहेर काढले, हे ती पुढे स्वतःच रडत सांगायची. मग पदरासारखं झग्याचं टोक धरून तिने कोमाद्रेचं तोंड पुसलं. पिठाखाली तोच निळा रंग होता.

मिरवणूक थांबली नाही. संतापुढे शहरातला पाव गेला. एर्मेलिंदाचे चाळीस पाव तिच्याच मयताला आलेल्यांनी खाल्ले, क्लेओफेने दोन.

गोळ्यांचा डबा नेलिदाला आठवडाभराने सापडला. करारबिरार काही नव्हता. एर्मेलिंदाला किड्यामुळे जडलेला हृदयरोग होता, चेहऱ्याचा रंग हृदयाच्या गोळीचा होता, आणि ती गोळी तिने दोन महिन्यांपूर्वी बंद केली होती.